१६२ मतं : मालेगाव मध्यचा मतदार नेमका कुणाचा?

मुस्लिम मतं ‘एकगठ्ठा’ पडतात, असं टीव्हीवर निकालाच्या दिवशी हमखास ऐकू येतं. मालेगाव मध्य मतदारसंघाचे २०२४चे दोन निकाल शेजारी ठेवले, की या बोलण्यात खरं किती आणि खोटं किती ते कळतं.

पहिलं मतदान २० मे रोजी झालं, लोकसभेचं. धुळे मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं येतात. मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना १,९८,८६९ मतं मिळाली आणि भाजपच्या सुभाष भामरे यांना ४,५४२. बाकी पाच क्षेत्रांची बेरीज भामरेंच्या बाजूने होती, तरी बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. पुढे भाजपच्या नेत्यांनी याच आकड्यांवरून ‘व्होट जिहाद’चा आरोप केला.

बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, विधानसभेसाठी तोच मतदार पुन्हा रांगेत उभा राहिला. या वेळी एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांना १,०९,६५३ मतं, तर आसिफ शेख रशीद यांना १,०९,४९१. फरक फक्त १६२! काँग्रेसचा उमेदवारही रिंगणात होता. पण मे महिन्यात दोन लाखांच्या जवळ गेलेला पक्ष लढतीतसुद्धा दिसला नाही. मग गठ्ठा गेला कुठे?

गठ्ठा मुळात पक्षाचा नव्हताच. लोकसभेला समोर भाजप होता आणि प्रश्न दिल्लीचा होता, तेव्हा बहुतेकांनी एकच हिशेब केला. विधानसभेला खरी चुरस आपसातली होती. तिथे गटार, पाणी, यंत्रमागाचं वीजबिल, कुणाच्या दारात गेलं की काम होतं, कोण कुणाच्या गटातला, हे सगळं मोजलं गेलं. एकाच घरात बाप एकीकडे आणि मुलगा दुसरीकडे, असंही होतं.

हे आजचं नाही. समाजवादी चळवळीतल्या निहाल अहमद यांचा मालेगाववर वर्षानुवर्षं दबदबा होता. १९९९ मध्ये काँग्रेसच्या शेख रशीद यांनी त्यांना हरवलं. २००९ मध्ये मुफ्तीसाहेब जनसुराज्य शक्तीकडून जिंकले, २०१४ मध्ये शेख रशीद यांचे चिरंजीव आसिफ काँग्रेसकडून आले आणि २०१९ मध्ये पुन्हा मुफ्तीसाहेब, या वेळी एमआयएमकडून. २०२४ मध्ये निहाल अहमद यांच्या कन्या शान-ए-हिंद समाजवादी पक्षाकडून उभ्या होत्या. झेंडे बदलले, घराणी आणि गट मात्र बरेचसे तेच. उलेमांच्या शब्दाला इथे वजन आहे, यात शंका नाही. पण एक मुफ्ती उमेदवार असूनही जवळपास अर्धं गाव विरोधात मत देतं, हेही तितकंच खरं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. नोव्हेंबरमध्ये पहिल्या दोघांचीच मतं २,१९,१४४ होतात, म्हणजे मे महिन्यात बच्छाव यांना मिळालेल्या मतांपेक्षा जास्त. भाजपची भीती समोर नव्हती, तरी लोक घराबाहेर पडले. फक्त भीतीनेच मुसलमान मतदान करतो, हा समज इथे टिकत नाही. गल्लीत दोन तगडे गट घरोघर फिरले, की टक्का आपोआप वाढतो.

आता त्या १६२ मतांकडे बघा. मतदारसंघात तीन लाखांवर मतदार आहेत. एका केंद्रावर १५०० मतदार धरले, तरी २०० केंद्रं होतात. केंद्रामागे एक मतसुद्धा फरक नाही! अशा ठिकाणी यादीतली चूक महाग पडते, आणि आपल्या घरांत त्या चुका नेहमीच्याच असतात. एका कागदावर ‘शेख’, दुसऱ्यावर ‘शैख’. कुठे ‘मोहम्मद’, कुठे नुसतं ‘मो.’. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या यादीत. भाड्याचं घर बदललं, पण नाव जुन्याच केंद्रावर.

नवीन नावासाठी फॉर्म ६ भरायचा. दुरुस्ती आणि पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८. सुनेचं नाव सासरी आणायलाही फॉर्म ८च लागतो. नवा फॉर्म ६ भरला, तर एकाच बाईचं नाव दोन ठिकाणी लागतं आणि पुढे अडचण होते. मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांची झाली, की वर्षातून चार तारखांना पात्रता धरली जाते : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. फॉर्म मोबाइलवरून भरता येतो किंवा आपल्या भागातल्या बीएलओकडे देता येतो. चौकशीसाठी १९५० हा नंबर आहे. निवडणूक जाहीर होण्याची वाट बघू नका. उमेदवारी अर्जांची मुदत जवळ आली, की त्या निवडणुकीसाठी नावं घेणं बंद होतं.