विसरलेल्या बियांचा वृक्ष

श्रोतेहो, ‘ब्राझील नट’ या नावात दोन चुका आहेत, आणि चूक दिसली की माझ्यासारख्या जुन्या मास्तराला राहवत नाही. ते शास्त्रदृष्ट्या कवचफळ नव्हे, बी होय. आणि त्याच्या निर्यातीत बोलिव्हिया अग्रेसर आहे.

अ‍ॅमेझॉनच्या अरण्यातील हा वृक्ष ५० मीटरपर्यंत वाढतो. त्याची मिटलेली फुले उघडण्याचे बळ मोठ्या मधमाश्यांनाच असते. म्हणून रान तोडून कुरणात एकटा राखलेला वृक्ष फारसा फळत नाही. फळ पिकण्यास सुमारे १४ महिने लागतात. दोन किलोपर्यंत वजनाचे हे फळ पावसाळ्यात आपोआप गळते. ते डोक्यावर पडले तर माणूस दगावतो, म्हणून वेचणारे वाऱ्यापावसात झाडाखाली जात नाहीत. कोयत्याने फोडले की आत १० ते २५ बिया.

अगूती नावाचा सशाएवढा प्राणी मात्र ते दातांनीच कुरतडतो. थोड्या बिया खातो, उरलेल्या पुरतो आणि काही विसरतो. त्या विसरलेल्यांतूनच रोपे येतात. २००३ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३ ठिकाणांच्या पाहणीत, जेथे दीर्घकाळ कसून वेचणी झाली होती तेथे तरुण झाडे जवळजवळ आढळली नाहीत. जुने वृक्ष शतकानुशतके जगतात, फळतही राहतात. त्यामुळे वेचणाऱ्यास ही उणीव सहसा जाणवत नाही.