दंतपूरण, पारदमेलाचे

दाताचा किडलेला भाग कोरून काढल्यावर उरणाऱ्या पोकळीत पारा आणि चांदी, कथिल व तांबे यांच्या मिश्रधातूचे चूर्ण यांचा मेल भरण्याच्या उपचारास पारदमेलाचे दंतपूरण म्हणतात. लोकभाषेत यालाच ‘दातात चांदी भरणे’ म्हणतात. मुख्यतः दाढा व उपदाढा भरण्यासाठी हा मेल वापरला जातो.

इतिहास : चीनमधील इ. स. ६५९ च्या एका औषधिग्रंथात दातासाठी वापरावयाच्या चांदीच्या लेपाचा उल्लेख आढळतो. यूरोपात १८२६ मध्ये पॅरिसच्या ताव्हो यांनी चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात मिसळून दात भरले. अमेरिकेत मात्र या मेलावरून तीव्र वाद झाला. १८४५ मध्ये तेथील दंतशल्यचिकित्सकांच्या संघटनेने तो न वापरण्याची शपथ सभासदांवर घातली. या वादातच ती संघटना १८५६ मध्ये विसर्जित झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी. व्ही. ब्लॅक यांनी घटकांचे योग्य प्रमाण ठरविल्यावर हा मेल सर्वमान्य झाला.

रचना : जुन्या पद्धतीच्या चूर्णात चांदी सु. ६५ टक्के, कथिल २९ टक्क्यांपर्यंत व तांबे ६ टक्क्यांपर्यंत असे. तयार मेलात पारा वजनाने जवळजवळ निम्मा असतो. पारा व कथिल यांचे संयुग दुर्बल असून ते लवकर गंजते. १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या, अधिक तांब्याच्या चूर्णामुळे हे संयुग जवळजवळ तयारच होत नाही व भरण अधिक टिकते.

पद्धती : पारदमेल दाताला आपोआप चिकटत नाही. म्हणून पोकळी तोंडाशी किंचित अरुंद व तळाशी रुंद कोरतात आणि किमान दीड ते दोन मिमी. खोल ठेवतात. धातूतून उष्णता चटकन वाहत असल्याने खोल पोकळीत आधी सिमेंटाचा थर देतात. पूर्वी मेल खलात घोटून तळहातावर मळत असत. आता मोजलेले घटक असलेली बंद कुपी यंत्राने हलवितात. मेल थोडाथोडा दाबून भरतात व घट्ट होण्यापूर्वी दाढेचा आकार कोरतात. पूर्ण बळकटी येण्यास सु. २४ तास लागतात. तोवर त्या बाजूने कठीण पदार्थ चावू नयेत.

वऱ्हाडातील उपयोग : अमरावती येथे विदर्भ यूथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय, तर अकोला येथे २००२ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मेळघाटातील धारणीसारखे गाव अमरावतीपासून शंभराहून अधिक किमी. दूर आहे. मजुरी बुडवून आलेला रुग्ण पुन्हा येईलच असे नसते आणि भरता येण्याजोगा दात तसाच राहिला, तर पुढे तो काढावा लागतो. स्वस्त, एकाच बैठकीत भरता येणारा व वर्षानुवर्षे टिकणारा पारदमेल अशा रुग्णांस विशेष उपयोगी ठरला. सुपारी, तंबाखू व चुना यांचा खर्रा विदर्भात प्रचलित आहे. सुपारीच्या सेवनाने गालाच्या आतील अस्तर ताठर होऊन तोंड पुरेसे उघडत नाही. अशा वेळी मागची दाढ कोरडी राखणे कठीण जाते. रेझिनाच्या तुलनेने पारदमेल थोडा ओलावा अधिक सहन करतो. जस्तयुक्त मेल मात्र भरताना लाळेने भिजल्यास हायड्रोजन वायू निर्माण होऊन काही दिवसांनी फुगतो.

पाऱ्याचा धोका : चावताना भरणातून पाऱ्याची अत्यल्प वाफ निघते. सर्वसाधारण प्रौढांत तिच्यामुळे रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. क्वचित अधिहृषता आढळते. सुस्थितीतील भरण केवळ भीतीपोटी काढू नये, कारण काढताना अधिक वाफ निघते. खरा धोका नित्य हाताळणाऱ्यांस व पर्यावरणास असतो. म्हणून उरलेला मेल घट्ट झाकणाच्या बरणीत साठवितात. तो गटारात सोडीत नाहीत. भरण असलेले काढलेले दात जाळणेही वर्ज्य आहे.

सद्यःस्थिती : पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला व भारताने त्यास २०१८ मध्ये अनुसमर्थन दिले. १५ वर्षांखालील मुले, गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी पारदमेल अपरिहार्य असेल तरच वापरावा, असे २०२२ मध्ये ठरले. २०२५ च्या जिनीव्हा परिषदेत २०३४ पर्यंत त्याचा वापर संपविण्याचे ठरले. त्याची जागा रेझिन व काच-आयनोमर सिमेंट घेत आहेत. रेझिनास कोरडी पोकळी व प्रकाशयंत्र लागते. काच-आयनोमर दाताला चिकटते व त्यातून फ्ल्युओराइड स्रवते. हातांच्या उपकरणांनी कीड काढूनही ते भरता येत असल्यामुळे विजेविना दुर्गम गावात उपचार शक्य होतो. मात्र चावण्याचा ताण सोसण्याची त्याची शक्ती पारदमेलापेक्षा कमी असते. त्यामुळे पारदमेल मागे पडत असताना अशा भागात दात काढण्याचे प्रमाण वाढू नये यासाठी पर्यायी द्रव्ये व नियतकालिक तपासणी ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.