विद्युत् मंडल सदृशीकरणातील अभिसारिता-दोष

इलेक्ट्रॉनीय मंडल प्रत्यक्ष जोडण्यापूर्वी त्याचे वर्तन संगणकावर गणिताने अजमावण्याच्या क्रियेस मंडल सदृशीकरण म्हणतात. या क्रियेत मंडलाच्या समीकरणांची लागोपाठची अंदाजी उत्तरे एका मूल्याकडे न येता भरकटत राहिली व ठरावीक फेऱ्यांत उत्तर सापडले नाही, तर अभिसारिता-दोष उद्भवला असे म्हणतात. सुट्या घटकांचे मंडल फळीवर जोडून पाहता येते व चुकल्यास तारा बदलता येतात. एकाच सिलिकॉन-तुकड्यावर घडविलेल्या एकत्रित मंडलात ही सोय नसल्याने अभिकल्पकाची भिस्त मुख्यतः सदृशीकरणावर असते आणि तेच अडले की पुढचे काम खोळंबते.

या क्षेत्रातील पायाभूत संगणक-कार्यक्रम ‘स्पाइस’ हा होय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत लॉरेन्स नेगल व डॉनल्ड पेडरसन यांनी तो सिद्ध केला व १९७३ मध्ये विद्वानांपुढे मांडला. त्याची दुसरी आवृत्ती १९७५ मध्ये निघाली. पुढील अनेक कार्यक्रम याच घराण्यातील असून मूळ कार्यक्रमाच्या खोडीही त्यांच्यात उतरल्या आहेत.

दोषाचे मूळ घटकांच्या अरैखिक वर्तनात आहे. केवळ रोधकांच्या मंडलाची समीकरणे एका फेरीत सुटतात. डायोडमधील प्रवाह मात्र दाबाबरोबर घातीय रीतीने वाढतो. सामान्य तापमानास दाब सु. ६० मिलिव्होल्टने वाढला की प्रवाह दसपट होतो. अशी समीकरणे न्यूटन-रॅफसन पद्धतीने सोडवितात. प्रथम दाबाचा अंदाज घ्यावयाचा, त्या बिंदूपाशी वक्राऐवजी स्पर्शरेषा कल्पून सुधारित अंदाज काढावयाचा आणि दोन अंदाजांतील फरक नगण्य होईपर्यंत हा क्रम चालवावयाचा. अंदाज उत्तराजवळ असेल, तर थोड्या फेऱ्या पुरतात. परंतु ०·६ व्होल्टला १ मिलिअँपिअर प्रवाह देणाऱ्या डायोडवर ५ व्होल्टचा अंदाज धरला, तर सूत्राप्रमाणे प्रवाह एकावर सत्तर शून्ये इतके अँपिअर येतो! अशा भरकटण्याला आळा घालण्यासाठी एका फेरीत संधीवरील दाब किती वाढू द्यावा, यावर कार्यक्रम स्वतःच मर्यादा घालतो.

दोष आढळल्यास प्रथम गणिताकडे नव्हे, तर मंडलाच्या वर्णनाकडे पाहावे. स्पाइसच्या लिपीत ‘एम’ हे अक्षर, लहान वा मोठे कसेही लिहिले तरी, ‘मिलि’ दर्शविते. दशलक्षासाठी ‘मेग’ लिहावे लागते. त्यामुळे १ मेगओहमचा रोधक ‘१एम’ असा लिहिला, की तो १ मिलिओहमचा होतो व मूल्यात अब्जपट फरक पडतो. चूक क्षुल्लक दिसते, पण ती जाणत्यांनाही चकविते. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे अधांतरी राहिलेला जोडबिंदू. एकसर जोडलेल्या दोन धारित्रांमधील बिंदूपासून भूमीपर्यंत एकदिश प्रवाहाला वाटच नसते. त्यामुळे त्या बिंदूच्या दाबाचे निश्चित उत्तरही नसते. तेथून भूमीपर्यंत १०० कोटी ओहमसारखा मोठा रोधक जोडला की अडचण मिटते. आदर्श दाब-उद्‌गमाच्या टोकांना आदर्श प्रवर्तक थेट जोडणे हीही अशीच चूक होय; प्रवर्तकाच्या वेटोळ्याचा खरा रोध वर्णनात घातला की ती सुधारते.

वर्णन निर्दोष असूनही उत्तर न मिळाल्यास आरंभीचा अंदाज सुचवावा. द्विस्थिर मंडलाच्या समीकरणांना दोन स्थिर व एक अस्थिर अशी तीन उत्तरे असतात आणि अंदाज त्यांच्यामध्ये हेलकावे खाऊ शकतो. एका बिंदूचा अपेक्षित दाब सुचविताच तो एका बाजूस कलतो. दुसरी युक्ती म्हणजे पुरवठ्याचा दाब शून्यापासून टप्प्याटप्प्याने वाढवीत नेणे व प्रत्येक टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्याचा अंदाज म्हणून वापरणे. प्रत्येक अर्धसंवाहक संधीला समांतर लहानशी संवाहकता जोडून ती क्रमाने घटविण्याची रीतही प्रचारात आहे.

कालानुसारी विश्लेषणात दोष निराळ्या रूपाने दिसतो. उत्तर न मिळाल्यास कार्यक्रम कालखंड आखूड करीत जातो आणि शेवटी तो फारच लहान झाल्याचे सांगून थांबतो. शून्य वेळात चढणारे स्पंद, क्षणात उघडणारे आदर्श स्विच, धारकता वगळलेली ट्रँझिस्टरची प्रतिमाने ही त्याची कारणे होत. स्पंदाला काही नॅनोसेकंदांचा चढण-काल द्यावा, संधींची धारकता भरावी. हे काही कृत्रिम टेकू नव्हेत; खऱ्या मंडलात या गोष्टी असतातच.

अचूकतेची अट सैल करणे हा उपाय सर्वांत सोपा असल्याने सर्वाधिक वापरला जातो, पण तो शेवटी योजावा. मूळ कार्यक्रमात सापेक्ष त्रुटीची मर्यादा ०·००१ आहे. ती ०·०१ केल्यास उत्तर मिळेल, पण मूळ चूक झाकलीही जाईल. शक्ति-इलेक्ट्रॉनिकीत मात्र एक सवलत रास्त आहे. १०० अँपिअर वाहणाऱ्या मंडलात प्रवाह १ पिकोअँपिअरपर्यंत जुळावा ही मूळ अट म्हणजे चौदा अंकांची अचूकता मागणे होय. तेथे ती मर्यादा वाढविणेच योग्य.

उलट, अभिसारी उत्तर नेहमी प्रत्यक्ष स्थिती दाखवितेच असे नाही. दोलकाचे एकदिश विश्लेषण बहुधा विनातक्रार पुरे होते, परंतु मिळालेले उत्तर अस्थिर समतोलाचे असते. खऱ्या दोलकाला त्या समतोलातून ढळण्यास गोंगाटाचा सूक्ष्म धक्का पुरतो. संगणकात तो गोंगाट नसल्याने दोलक स्तब्ध राहू शकतो. म्हणून पुरवठ्याचा दाब शून्यातून चढवून किंवा एखाद्या बिंदूवर लहानसा स्पंद देऊन दोलन सुरू करून द्यावे लागते.