बऱ्हाणपूरचा सोमवार

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला चक्क संस्कृत शिलालेख आहे. फारुकी राजा आदिलशहाने ही मशीद बांधवली. संस्कृत लेखात मिती अशी: संवत १६४६, शके १५११, पौष शुद्ध, दशमी २३ घटका आणि पुढे एकादशी, वार सोम. घटका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयानंतर सुमारे सव्वानऊ तासांनी एकादशी लागली.

ही मिती इसवी सनात बदलायला दोन ओळींचा कोड पुरेल, असं वाटतं. शकात ७८ मिळवा: १५८९. पण पौषातली ही तिथी जानेवारीत आली होती, म्हणून इथे ७९ मिळवायचे. अभ्यासकांनी दिलेली तारीख ५ जानेवारी १५९०.

आता ताळा पाहू. लेखात वार आहे, तो जुळला पाहिजे. पायथनला त्या तारखेचा वार विचारला तर ४ येतो. तिथे सोमवार ०, म्हणजे हा शुक्रवार! जावास्क्रिप्ट ५ सांगते. तिथे रविवार ०, म्हणजे पुन्हा शुक्रवारच. लिनक्सची ‘कॅल’ ही आज्ञा मात्र सोमवार दाखवते. (जावास्क्रिप्टमध्ये महिनेही शून्यापासून मोजतात. कुणी जानेवारीसाठी १ लिहिला तर ५ फेब्रुवारी धरली जाते, आणि तिचा वार येतो नेमका सोमवार! चुकीच्या वाटेने आलेलं बरोबर उत्तर फार छळतं.)

गोम अशी. पोप ग्रेगरी यांनी १५८२ साली कॅलेंडरमधले दहा दिवस गाळले. पायथन आणि जावास्क्रिप्ट जुन्या तारखांनाही हेच नवं कॅलेंडर लावतात. ‘कॅल’ इंग्रजांच्या मागून जाते, आणि त्यांनी बदल केला थेट १७५२ मध्ये. त्यामुळे १५९० साठी ती जुनं ज्युलियन कॅलेंडरच वापरते. अभ्यासकांची ५ जानेवारीही ज्युलियनच आहे. चूक कोणाचीच नाही. तारीख कुठल्या कॅलेंडरची, हे आपणच सांगितलं नव्हतं.

म्हणून जुन्या कागदपत्रांची यादी करताना तारखेशेजारी कालगणनेचा रकाना ठेवा, आणि मूळ वार खोडू नका. आता आपल्या ज्युलियन ५ जानेवारीत दहा दिवस मिळवून १५ जानेवारी १५९० विचारा. पायथन ० देतो, जावास्क्रिप्ट १. दोन्हींचा अर्थ सोमवार.