गावाच्या परसात विद्यापीठ

1969 साली, महिनाभराच्या आत, विदर्भातल्या विद्यार्थ्यांना गावात नेणाऱ्या दोन वाटा खुल्या झाल्या. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबरला, केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. 20 ऑक्टोबरला अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने ओळखले जाते. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या उमरखेडच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. त्यांचा 1 जुलै हा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून साजरा होतो.

अमेरिकेत सांताक्रूझच्या विद्यापीठात अॅलन चॅडविक या इंग्रज माळ्याने 1967 मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन आवारातच बाग उभी केली, आणि ती जगभर गाजली. आपल्याकडे बाग आवारात नाही, गावात लागते. उमरखेडचे गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे. हातात खराटा घेऊन गावोगाव फिरलेल्या संताचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाला हीच रीत शोभते.

सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास काम करायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री गावकऱ्यांसमोर कार्यक्रम. कृषी पदवीच्या चौथ्या वर्षाची मुले ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावी मुक्कामाला येतात. गावात त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, माती परीक्षण ही कामे ती यजमान शेतकऱ्याच्या बांधावर करून दाखवतात. मातीचा नमुना घेताना आधी वरचा काडीकचरा बाजूला सारायचा, मग इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासायची. शेतात अशा अनेक ठिकाणची माती एकत्र करून, चार भाग पाडून, समोरासमोरचे दोन टाकत जायचे. शेवटी अर्धा किलो उरते. वर्षानुवर्षे कापूस, सोयाबीन, ऊस, हळद घेणाऱ्या शेतकऱ्याने हा अर्धा किलो एकदा तरी तपासून घ्यावाच.

माझ्या मते विद्यार्थी गावात करू शकतात त्या कामांत परसबागेचे काम सर्वांत मोलाचे आहे. मोठ्या वृक्षारोपणाचे फोटो येतात. मे महिन्यात त्या रोपांना पाणी कोण घालणार, हे मात्र ठरलेले नसते. परसबागेला सांडपाणी रोज मिळते, आणि ते जमिनीत मुरवायची रीत जवळच पाहायला मिळते. पैनगंगेपलीकडे, नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यात, टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन डास हटवले, आणि तो ‘नांदेड पॅटर्न’ झाला. घराशेजारी सुमारे चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यायचा. त्यात वरच्या अंगाला भोके पाडलेली सिमेंटची टाकी बसवायची आणि भोवती दगड भरायचे. गाळ टाकीच्या तळाशी बसतो, निवळलेले पाणी भोकांतून बाहेर येऊन जमिनीत मुरते. अशा ओलीवर केळी, अळू, शेवगा, कढीपत्ता चांगला धरतो.

शोषखड्ड्याच्या जोडीला सात वाफ्यांची गोल पोषणबाग करता येते. मधोमध कंपोस्टचा खड्डा, भोवती आठवड्याच्या वाराप्रमाणे सात वाफे, आणि रोज एका वाफ्याची भाजी. पालक, मेथी, चवळी, वांगी, कडेला वेल. रक्तक्षयाशी झुंजणाऱ्या घरांत या भाजीची किंमत औषधाइतकी आहे, आणि ती पिकवायला चार हात जमीनही पुरते.

मुले मात्र शिबिर संपले की परत जातात. म्हणून उमरखेड तालुक्यातल्या ग्रामपंचायतींना विनंती आहे: शिबिर गावात आले की मुलांना हातपंपाजवळची किंवा अंगणवाडीमागची जागा द्या, आणि निरोपाच्या दिवशी ते वाफे महिला बचत गटाच्या नावे ठरावात लिहून घ्या.