सकाळी चालतो, दुपारी बंद पडतो

मे महिन्यात अंकुशनगरच्या एका शिक्षकांनी आम्हाला एक कोडे घातले. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले हे ठिकाण समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वांना माहीत आहे. या शिक्षकांच्या अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने उसाच्या बिलातून घेतलेल्या संगणकात एक जुने ग्राफिक्स कार्ड बसवले आणि एका प्रोग्रॅमच्या साहाय्याने त्याचा वेग दहा टक्क्यांनी वाढवला. संगणक सकाळी उत्तम चाले, पण दुपारी अर्ध्या तासात पडदा काळा होई. कुणीतरी सांगितले, "व्होल्टेज कमी पडतंय." म्हणून विद्यार्थ्याने प्रोग्रॅममधून कार्डाचे व्होल्टेज वाढवले. आता पडदा दहाच मिनिटांत काळा होऊ लागला. शिक्षकांनी तोच सल्ला ऐकून स्टॅबिलायझर आणवला, पण दुपारच्या बिघाडात काहीच फरक पडला नाही. चूक कुठे झाली?

चूक एका शब्दात दडलेली आहे. विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही व्होल्टेजबद्दलच बोलत होते, पण दोन निरनिराळ्या व्होल्टेजबद्दल. भिंतीतल्या सॉकेटमध्ये 230 व्होल्टचा प्रत्यावर्ती पुरवठा असतो. संगणकातली एसएमपीएस ही पेटी त्याचे 12 व्होल्टच्या एकदिश पुरवठ्यात रूपांतर करते. कार्डावर आणखी एक नियामक मंडल असते, ते या 12 व्होल्टचे साधारण 1 व्होल्ट करून मुख्य चिपला देते. स्टॅबिलायझर पहिली पायरी सांभाळतो, तर विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम शेवटची बदलतो. एसएमपीएस नीट असेल, तर सॉकेटमधले व्होल्टेज 230 वरून 200 झाले तरी चिपला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता शेवटच्या पायरीकडे वळू. वेग वाढवला की व्होल्टेज वाढवावेसे का वाटते?

चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. प्रत्येक ट्रान्झिस्टरचे द्वार आणि त्याला जोडणारी तार मिळून एक चिमुकले धारित्र तयार होते. 'शून्य'चा 'एक' करायचा म्हणजे हे धारित्र भारित करायचे, आणि त्याला वेळ लागतो. एकापुढे एक अशा अनेक ट्रान्झिस्टरांच्या साखळीतून उत्तर पलीकडे पोहोचते. घड्याळाचा पुढचा ठोका पडण्यापूर्वी ते पोहोचले पाहिजे. घड्याळ 1500 मेगाहर्ट्झचे असेल तर दोन ठोक्यांत सुमारे 0.67 नॅनोसेकंद मिळतात. 1650 केले की 0.61. उरलेल्या वेळात साखळीतला सर्वांत मंद मार्ग पूर्ण झाला नाही, तर पुढचा टप्पा अर्धवट उत्तरच खरे मानून चालू लागतो. ओव्हरक्लॉकिंगमधली अस्थिरता म्हणतात ती हीच. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर अधिक प्रवाह सोडतात, धारित्रे लवकर भरतात आणि मंद मार्ग वेळेत पोहोचतो.

अंकुशनगरच्या मुलांना हे गाळपाच्या भाषेत सांगता येईल. रोलर वेगाने फिरवले की उसावर दाब राहण्याचा काळ कमी होतो आणि रस बगॅसमध्येच राहतो. रोलरवरचा दाब वाढवून तो काढता येतो, पण त्यासाठी यंत्राला जास्त शक्ती द्यावी लागते. ही तुलना फार ताणू नये, कारण कारखान्यात थोडा रस राहिला तर नुकसान थोडेच होते. इथे एक 'शून्य' चुकला तर सगळा हिशोब फिरतो.

चिपमध्ये या दाबाची किंमत किती पडते? धारित्र दर ठोक्याला भरायचे आणि रिकामे करायचे, म्हणून खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सोयीचे आकडे घेऊ. चिप 1500 मेगाहर्ट्झ आणि 1.00 व्होल्टवर 150 वॅट खर्च करते असे धरा. वेग दहा टक्के आणि व्होल्टेजही दहा टक्के वाढवले, तर 1.1 गुणिले 1.1 गुणिले 1.1 म्हणजे 1.33. शक्ती 200 वॅट झाली. वेग दहा टक्के मिळाला आणि उष्णता मात्र तेहतीस टक्के वाढली.

आता यात मे महिना मिळवा. समजा, हीट सिंक आणि पंखा यांची व्यवस्था अशी आहे की प्रत्येक वॅटमागे चिप भोवतालच्या हवेपेक्षा 0.3 अंश सेल्सिअसने तापते. मूळ वेगावर ती हवेपेक्षा 45 अंशांनी गरम राहील आणि वाढीव वेगावर व वाढीव व्होल्टेजवर 60 अंशांनी. सकाळी खोलीत 25 अंश असतील तर वाढीव वेगावर चिप 85 अंशांवर जाते, कशीबशी चालते. दुपारी खोलीत 42 अंश झाले की तोच आकडा 102 होतो. पुस्तकातला प्रयोग 25 अंशांच्या खोलीत केलेला असतो आणि आपला मुलगा पत्र्याखाली बसलेला असतो, हे आपण फार वेळा विसरतो. शिवाय तापलेल्या सिलिकॉनमध्ये बंद ट्रान्झिस्टरांतूनही प्रवाहाची गळती वाढते, ती उष्णतेत भर घालते आणि चिप आणखी तापते. विद्यार्थ्याने व्होल्टेज वाढवल्यावर पडदा लवकर का काळा झाला, याचे उत्तर इथे मिळते. त्याच्या चिपला वेळ कमी पडत होता हे खरे, पण ज्या उपायाने वेळ मिळणार होता त्यानेच तापमान मर्यादेबाहेर नेले.

आणखी एक बारकावा आहे, तो ओहमच्या नियमात बसतो. 200 वॅट आणि 1.1 व्होल्ट म्हणजे सुमारे 180 अँपिअर. एवढा प्रवाह कार्डावरच्या तांब्यातून वाहतो. वाटेत केवळ पाव मिलिओहम रोध असला तरी 0.045 व्होल्ट वाटेतच पडतात. म्हणून कार्ड रिकामे असताना दिसणारे व्होल्टेज आणि जोरात काम करताना चिपला प्रत्यक्ष मिळणारे व्होल्टेज वेगळे असते. काम अचानक सुरू होते तेव्हा ते क्षणभर आणखी खाली जाते. हा क्षण मायक्रोसेकंदांचा असतो. पडद्यावर सेकंदाला एकदा आकडा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला तो दिसत नाही. 'व्होल्टेज तर स्थिर आहे' असे म्हणणारा विद्यार्थी खोटे बोलत नसतो. त्याचे मोजमाप तेवढे जलद नसते.

मग दोष शोधायचा कसा? आम्ही शिक्षकांना पहिली गोष्ट सांगितली, ती अशी की सगळे बदल मागे घ्या आणि कार्ड मूळ वेगावर आणा. मूळ वेगावरही बंद पडत असेल तर ओव्हरक्लॉकिंगला दोष देण्यात अर्थ नाही. धूळ, वाळलेला उष्णतावाहक लेप किंवा थकलेली एसएमपीएस शोधा. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत वेळ, खोलीचे तापमान, चिपचे तापमान, वेग, व्होल्टेज आणि काय झाले ते लिहा. वहीचा आग्रह मुलांना कंटाळवाणा वाटतो, पण सकाळ आणि दुपार यांतला फरक वहीशिवाय दिसलाच नसता.

बिघाडाचे रूपही बरेच सांगून जाते. पडदा काळा होऊन काही सेकंदांनी परत येतो आणि कार्डाचा ड्रायव्हर पुन्हा सुरू झाल्याचा संदेश मिळतो, तेव्हा बहुधा मुख्य चिपला वेळ किंवा व्होल्टेज कमी पडत असते. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटी दिसल्या तर संशय कार्डावरच्या स्मृतीवर घ्यावा. संपूर्ण संगणकच खटकन बंद झाला तर एसएमपीएस किंवा तिच्या अलीकडचा पुरवठा तपासावा. ही लक्षणे एकमेकांत मिसळतात, म्हणून त्यांना पुरावा न मानता सुगावा मानावे.

स्मृतीची एक गंमत सांगण्याजोगी आहे. जीडीडीआर-5 आणि त्यानंतरच्या प्रकारांत चिप आणि स्मृती यांच्यामधल्या मार्गावर चूक ओळखण्याची सोय असते. चूक सापडली की तोच मजकूर पुन्हा पाठवला जातो. त्यामुळे स्मृतीचा वेग फार वाढवला तर पडद्यावर काहीच बिघडलेले दिसत नाही, पण काम हळू होते, कारण निम्मा वेळ पुन्हा पाठवण्यात जातो. म्हणून दर पायरीला कामाचा वेगही मोजावा. नुसते 'बंद पडले नाही' एवढ्यावर समाधान मानू नये.

आम्हाला खरी चिंता वाटते ती बंद न पडणाऱ्या चुकीची. खेळात एक ठिपका चुकला तर पुढच्या चित्रात तो नाहीसा होतो. पण आज ही कार्डे गणितासाठी वापरली जातात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत, म्हणजे 435 जोड्या. प्रत्येक जोडीच्या संकेतांची एकमेकांशी तुलना करण्याचे काम नव्या व्यवस्थेत ग्राफिक्स चिप करतात. अशा कामात एखादा अंक मुकाट्याने चुकला तर तो आकाशातला की यंत्रातला हे कसे ओळखायचे? अशा कामासाठीच्या महागड्या कार्डांत स्मृतीतली चूक दुरुस्त करण्याची सोय असते. पण घड्याळाचा ठोका चुकल्यामुळे बेरीजच चुकली तर स्मृती ती चुकीची बेरीज अगदी जपून ठेवते. आम्ही स्वतः एकदा कार्डाचा वेग वाढवून तेच गणित दोनदा चालवले, तेव्हा दोन उत्तरे आली. संगणक दोन्ही वेळा विनातक्रार चालला होता. तेव्हापासून एकच गणित शंभर वेळा चालवून सगळी उत्तरे शेवटच्या अंकापर्यंत जुळतात का, हे आम्ही पाहतो. ही चाचणी शाळेतही करता येईल.

अंकुशनगरच्या मुलाला आम्ही उलटी दिशा सुचवली. वेग मूळचाच ठेवायचा आणि व्होल्टेज थोडे थोडे उतरवायचे. कारखानदार प्रत्येक चिपसाठी सुरक्षिततेची जागा सोडतो, कारण एकाच ताटलीतून कापलेल्या दोन चिपही सारख्या नसतात. ती जागा आपल्या चिपमध्ये किती आहे ते शोधायचे. मघाच्याच हिशोबात व्होल्टेज 0.90 केले तर शक्ती 150 गुणिले 0.81 म्हणजे सुमारे 122 वॅट होते आणि 42 अंशांच्या दुपारी चिप 79 अंशांच्या आसपास राहते. व्होल्टेज वाढवण्यापेक्षा आपल्या हवामानात हा प्रयोग जास्त उपयोगाचा आहे, असे आमचे मत आहे. जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमानात चिपमधल्या बारीक तारांचे धातूचे अणू प्रवाहाबरोबर सरकत जातात आणि आयुष्य घटते, तेही यात टळते.

त्याची वही आम्ही पाहिली. 0.90 व्होल्टवर दुपारी तासाभराने ड्रायव्हर पुन्हा सुरू झाला. 0.925 वर तीन दुपारी सलग काम झाले आणि शंभर उत्तरे जुळली. पण चौथ्या नोंदीत वेगळेच लिहिले होते: 'संध्याकाळी सात, खोली 36 अंश, चिप 71, संगणक पूर्ण बंद.' चिप थंड होती आणि पडदा नव्हे, तर सगळा संगणक गेला होता. त्याच वेळी आजूबाजूचे शेतीपंप सुरू होत असत. स्टॅबिलायझर एव्हाना कोपऱ्यात पडला होता. तो पुन्हा जोडल्यावर त्याच्या दर्शकावर आत येणारा पुरवठा 165 व्होल्ट दिसला. साधा बल्ब अशा वेळी मंद होऊन कमी शक्ती घेतो. एसएमपीएस मात्र तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी जास्त प्रवाह ओढते आणि एका मर्यादेनंतर हात टेकते. दुपारच्या बिघाडाला निरुपयोगी ठरलेला स्टॅबिलायझर आता संध्याकाळी कामाला लागला आहे, आणि वहीत शिक्षकांनी 'व्होल्टेज' या शब्दाखाली एकाऐवजी तीन रकाने आखून दिले आहेत.