बुडालेल्या दिवसांचा हिशेब

आलापल्लीहून भामरागडकडे निघालेली एस. टी. वाटेतल्या नाल्याला पूर आला की थांबते, आणि पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. अहेरी, एटापल्ली, सिरोंचा या भागांतील शिक्षकांस पावसाळ्याचा हा अनुभव नवा नाही. हवामान खात्याचा इशारा येतो, जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील अधिकार वापरून शाळांना सुटी जाहीर करतात. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत गडचिरोली जिल्ह्यातील शाळा अशाच सलग काही दिवस बंद होत्या. मुलांच्या जिवापुढे एका दिवसाच्या अभ्यासाची मातब्बरी ती काय? या निर्णयाबद्दल वाद असण्याचे कारणच नाही.

वाद आहे तो त्यानंतरच्या शांततेबद्दल. पाणी ओसरले की पडलेल्या घरांचे आणि बुडालेल्या पिकांचे पंचनामे होतात. बुडालेल्या शालेय दिवसाचा पंचनामा मात्र कोणी करीत नाही. शाळा बंद म्हणजे पाठ बंद, आणि त्या दिवशीचे दुपारचे जेवणही बंद.

कायदा याबाबत काय म्हणतो ते पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन झाले पाहिजे. दुसरीकडे, रविवार वगळून वर्षाला ७६ सुट्या हे महाराष्ट्रातील शाळांचे प्रमाण आहे. ३६५ दिवसांतून ५२ रविवार आणि ७६ सुट्या वजा केल्या की २३७ दिवस उरतात. म्हणजे प्राथमिक शाळेचे ३७ दिवस आणि उच्च प्राथमिकचे १७ दिवस बुडाले तरी दिवसांची कायदेशीर अट मोडत नाही! किमान मर्यादा ही संरक्षणासाठी असते. येथे तीच नुकसानीवर पांघरूण घालते. अट मोडली नाही, तेव्हा भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही, असा हा सरळ कारभार आहे.

शिवाय हा हिशेब शाळेचा आहे, मुलाचा नव्हे. दिवस तीन प्रकारे बुडतो. आदेशाने शाळा बंद राहते. शाळा उघडी असते, पण रस्ता बंद असल्याने गुरुजी पोहोचत नाहीत. किंवा दोन्ही ठीक असते, पण नाल्यापलीकडच्या पाड्यावरची मुले येऊ शकत नाहीत. यांपैकी पहिला प्रकार तेवढा सुटी म्हणून कागदावर येतो. शेवटच्या प्रकारात तर शाळा भरली, असेच नोंदवहीत दिसते.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास येथे आणखी एक गोष्ट खटकते. बुडालेल्या दिवसाची किंमत सर्वत्र सारखी नसते. पुण्यातील मुलाच्या घरी पुस्तक असते, शिकवणी असते, शाळेची भाषा घरातही असते. घरी माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला छापील मराठीशी गाठ घालून देणारे ठिकाण म्हणजे शाळाच. त्यातच विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात आणि लगेच जुलैचा पाऊस सुरू होतो. पहिलीत आलेल्या मुलाची अक्षरओळख व्हावयाची, नेमके तेच दिवस पुरात जातात.

भरपाई करावी हे तत्त्व शासनास अमान्य आहे असे नाही. महासाथीमुळे मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्या, तेव्हा २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आखण्यात आला. पुढे मार्च २०२२ मध्ये, एप्रिलभर शाळा पूर्ण वेळ भरवाव्यात असा आदेश निघाला. हेतू चांगला होता. पण एप्रिल म्हणजे आमच्याकडे कडक उन्हाचा आणि मोहफुले वेचण्याचा काळ. पाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. वर्षाची रोकड ज्या आठवड्यांत हाती येते, त्या आठवड्यांत घरातील लहान हातही मोजले जातात. मुंबईत ठरलेली भरपाई येथे रिकाम्या बाकांपुढे होते.

मग दिवस आणावयाचे कोठून? कायद्यातील आकड्यांतच उत्तर आहे. २०० दिवसांत ८०० तास, म्हणजे दिवसाला चार तास. अर्ध्या दिवसाच्या शनिवारी दोन तास अधिक शिकविले तर दोन शनिवारांत एक दिवस परत मिळतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात नाले उतरलेले असतात, धान घरात आलेले असते, मोह अद्याप लांब असतो. मात्र हे तास सायंकाळी नकोत; जंगलातून पायी जाणारे मूल दिवस मावळण्यापूर्वी घरी पोहोचले पाहिजे. अमेरिकेतील कित्येक जिल्हे हिमवर्षावात बुडणाऱ्या दिवसांसाठी वर्षारंभीच काही दिवस राखून ठेवतात. जे त्यांना बर्फासाठी सुचते, ते आपल्याला दरवर्षी येणाऱ्या पुरासाठी का सुचू नये?

यासाठी नवा कायदा नको. शैक्षणिक वेळापत्रक ठरविणे हे शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणाचेच कर्तव्य मानले आहे. जिल्हा परिषदेने चौकट घालून द्यावी आणि शाळा व्यवस्थापन समितीने आपल्या गावचे शनिवार निवडावेत. आश्रमशाळेची मुले तर पावसातही वसतिगृहातच असतात. 'सर्व शाळा बंद' या शब्दांतून, इमारत सुरक्षित असल्यास, त्यांना वगळता येईल.

शिक्षकांची बाजूही रास्त आहे. तयारीसह आठवड्याला ४५ तासांचे काम कायद्याने त्यांच्याकडे आहेच. वर जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारणाची कामेही येतात. अधिक तास घ्यावयाचे तर त्यांची बदली रजा मिळाली पाहिजे. फुकटच्या श्रमावर उभी राहिलेली भरपाई दोन वर्षेही टिकणार नाही.

शेतकऱ्याचे कर्ज बँकेच्या वहीत तरी दिसते. मुलाचे हे येणे कोणत्याच वहीत नाही आणि त्याचा तगादा लावणारेही कोणी नाही. म्हणून मागणी लहानशीच आहे. शाळा बंद ठेवण्याचा आदेश निघेल, तेव्हा हा दिवस कोणत्या शनिवारी भरून काढावयाचा, हे सांगणारे एक वाक्य त्याच आदेशात असावे.